सोलापूरच्या भर दुपारी थ्रिलर होईल का? (अंधार, उजेड आणि कॅमेरामन)

दुपारचे_बारा

आम्ही चार मित्र मिळून एक शॉर्टफिल्म करतोय, पंधरा-सोळा मिनिटांची. अक्कलकोट रोडला एकाच्या वडिलांचा टॉवेलचा कारखाना बंद पडलाय. माग भंगारात गेले, शेड रिकामी आहे. गोष्ट थोडक्यात अशी: जुना कामगार थकलेला हिशेब मागायला तिथे येतो, आणि आत कोणीतरी आधीच येऊन बसलेलं असतं. पुढचं सांगत नाही.

वाद वेळेवरून चाललाय. तिघांचं म्हणणं, थ्रिलर म्हणजे रात्र. निळा उजेड, धूर, टॉर्चचा झोत, जमल्यास टँकर मागवून पाऊस. मला हे पटत नाही. सोलापुरात रात्रीला कोण घाबरतं? मे महिन्यात रात्री अकराला सात रस्त्यावर आइस्क्रीम खायला झुंबड असते. आपल्याकडची खरी भयाण वेळ दुपारी एक ते चार. शटरं अर्ध्यावर ओढलेली, रस्ता पांढराफटक, लांबून येणारा माणूस उन्हाच्या झळांत वितळल्यासारखा दिसतो आणि हाक मारली तरी कोणी खिडकी उघडत नाही.

तर जाणकारांना विचारायचंय: अस्वस्थ करणाऱ्या सिनेमांत कॅमेरामन नेमकं काय करतो? अंधार हाच त्याचा मुख्य माल आहे, की भर उन्हातही तेच साधता येतं? आमच्याकडे एक मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स, दोन एलईडी पॅनल आणि भरपूर उत्साह आहे.

शेंगाचटणी

मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये शूटिंग? मग थ्रिलर नाही बे, माहितीपट होईल. नाव ठेवा 'उष्माघात'.

निशाचर

तुमच्या तिघा मित्रांच्या बाजूने एक मत माझं.

अंधारामुळे प्रेक्षक कामाला लागतो. जे दिसत नाही ते तो स्वतः भरतो, आणि त्याच्या मनातलं चित्र तुमच्या बजेटपेक्षा कायम भारी असतं. गॉर्डन विलिस या छायाचित्रकाराला त्याच्याच व्यवसायातल्या कॉनरॅड हॉलने 'अंधाराचा राजपुत्र' म्हटलं, ते उगाच नाही. १९७२ च्या 'गॉडफादर'मध्ये त्याने मार्लन ब्रँडोवर थेट डोक्यावरून प्रकाश टाकला. कारण मेकअपचं होतं, पण परिणाम असा झाला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या. समोरच्या माणसाचे डोळे दिसत नाहीत म्हटल्यावर त्याच्या मनात काय चाललंय हे कळत नाही. झाली भीती सुरू. गंमत म्हणजे त्या कामाला ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं नव्हतं. विलिसला ऑस्कर दिला तो २००९ मध्ये, मानद.

नंतर १९९५ चा 'सेव्हन', छायाचित्रकार दारियस खोंजी. दिवसाचे प्रसंगही पावसात भिजलेले, घरांत दिवे मिणमिणते, पोलिसांच्या टॉर्चशिवाय काही उजळतच नाही. भर उन्हात हे करून दाखवा.

थर्माकोलदादा

मी मूळचा बार्शीचा, सध्या मुंबईत कॅमेरा विभागात असिस्टंट. मोठं नाव नाही, पण उजेड परतवायला थर्माकोल धरण्यापासून फोकस ओढण्यापर्यंत सगळं केलंय. म्हणून थोडं लांबण लावतो.

अंधार शूट करायला दिवसापेक्षा जास्त लाईट लागतात. हे पहिलं डोक्यात घ्या. सेटवर दिवे बंद करून शूट केलं की अंधार मिळत नाही, राखाडी चिखल मिळतो आणि वर नॉइजचे (चित्रात वळवळणाऱ्या ठिपक्यांचे) मुंगळे. काळा रंग काळा दिसायचा तर त्याच फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी नीट उजळलेलं पाहिजे. दाराची कड, कपाळाचा कोपरा, स्टीलच्या तांब्यावरची एक रेघ. डोळा त्या उजळ जागेशी ताडून बाकीचं काळं ठरवतो. म्हणून आमचे सर लाईट लावण्याआधी लाईट अडवण्याचं सामान मोजतात: कटर, काळे कपडे, नेट. चेहऱ्याच्या एका बाजूला काळा कपडा धरला की त्या बाजूला भिंतीवरून परतणारा उजेडही मरतो. गरिबाचा सगळ्यात स्वस्त लाईट हाच. सोलापूर म्हटल्यावर काळं कापड मिळायची अडचण नसावी!

दुसरं, प्रमाण. उजळ बाजू आणि अंधारी बाजू यांत किती स्टॉपचा फरक ठेवायचा हे ठरवून ठेवायचं. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. कौटुंबिक मालिकेत हा फरक जेमतेम एक स्टॉप, म्हणून सासू-सून दोघी सारख्याच चकचकीत. तीन-चार स्टॉपवर गेलात की अर्धा चेहरा बुडायला लागतो.

'सेव्हन'चा विषय निघालाय तर, त्यातला काळा निव्वळ लाईटिंगचा नाही. फिल्म धुताना तिच्यातली चांदी काढून टाकण्यासाठी ब्लीचची पायरी असते. ती टाळली की चांदी तशीच चिकटून राहते, काळे आणखी खोल जातात आणि रंग फिके पडतात. त्या सिनेमाच्या काही प्रिंटवर अशी प्रक्रिया केली होती. सगळ्या प्रिंटवर नाही, ती महागडी असते. म्हणजे तेव्हा कुठल्या शहरात कुठली प्रिंट आली त्यावर किती भीती वाटणार ते ठरत होतं.

दुपारचं म्हणाल तर, होतं. रात्री घरी पोचलो की लिहितो.

पुणेरीपाटी

एक प्रामाणिक प्रश्न. आजकालच्या ओटीटी थ्रिलरमध्ये काहीच दिसत नाही, हे कौशल्य की आळस? मी परवा एक मालिका पाहिली, त्यात माझाच चेहरा टीव्हीच्या काचेत जास्त स्पष्ट दिसत होता.

शेंगाचटणी

@पुणेरीपाटी, म्हणजे भयपटच की तो.

निशाचर

@पुणेरीपाटी, दोष बहुतेक वेळा टीव्हीचा आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा असतो. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या रात्रीच्या लढाईच्या भागावरून जगभर ओरड झाली, तेव्हा छायाचित्रकार फॅबियन वॅग्नर यांनीही साधारण हेच उत्तर दिलं होतं: लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही, आणि इंटरनेटवरून येताना चित्र दाबलं जातं.

पुणेरीपाटी

हे म्हणजे हॉटेलवाल्याने आमटी अळणी देऊन वर ताट तुमचं चुकीचं म्हणून सांगण्यासारखं. प्रेक्षक कुठे आणि कशावर पाहणार हे आता साऱ्या जगाला माहीत आहे. मग त्याच हिशेबाने काम करा.

थिएटरकाका

पुणेरीपाटी यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. माझं उभं आयुष्य प्रोजेक्शनच्या खोलीत गेलं. पडद्यावर किती उजेड पडायला हवा याचं प्रमाण ठरलेलं आहे, डिजिटलला १४ फूट-लॅम्बर्ट. छायाचित्रकार मुंबईच्या लॅबमध्ये तेवढ्या उजेडात बसून आपला अंधार पक्का करतो. मग गावोगावी काय होतं? प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा महाग, म्हणून मुदत संपली तरी तोच जाळायचा. पडदा सिगारेटच्या धुराने पिवळा पडलेला. मी एका टॉकीजला होतो (नाव नको), तिथे मालक लाईटबिल कमी यावं म्हणून दिवा खालच्या करंटवर चालवायला सांगायचे. छायाचित्रकाराने चार स्टॉपवर बुडवलेला चेहरा आमच्या पडद्यावर पार गायब. पब्लिक शिट्ट्या मारायचं, "ए, लाईट लाव!"

कार्बनच्या काळात तर आणखी मजा. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करायचा. कांडी जळत जाईल तसं अंतर सांभाळावं लागे. ऑपरेटरला डुलकी लागली की नायिका संध्याकाळच्या उजेडात जायची. सोलापूरकरांना हे सगळं आठवत असेल. भागवतच्या एकाच आवारात इतके पडदे की एका टॉकीजचं तिकीट नाही मिळालं तर शेजारच्या रांगेत उभं राहायचं, सिनेमा कुठला का असेना.

स्वाती_प

काका, तुम्ही यावर वेगळा धागाच काढा. रांगेत उभं राहून तिसराच सिनेमा बघून आलेल्यांची संख्या मोठी आहे.

मूळ प्रश्नाबद्दल: अंधार की उजेड या भांडणात एक गोष्ट राहून जातेय, कॅमेरा कुठे ठेवला ती. मी एडिटिंग करते, त्यामुळे माझ्यापर्यंत शॉट येतात तेव्हा लाईटिंगपेक्षा आधी हेच बघते.

१९६८ च्या 'रोझमेरीज बेबी'मधला एक शॉट बघा. शेजारची म्हातारी आतल्या खोलीत फोनवर बोलतेय. छायाचित्रकार विल्यम फ्रेकर यांनी ती दारातून नीट दिसेल असा कॅमेरा लावला होता. दिग्दर्शक पोलान्स्कीने तो सरकवायला लावला, इतका की चौकटीआड तिचं तोंड झाकलं गेलं आणि नुसती पाठ उरली. फ्रेकरना तेव्हा कारण कळलं नव्हतं. सिनेमा लागल्यावर त्यांनी थिएटरमध्ये पाहिलं तर अख्खं पब्लिक मान तिरकी करून दाराच्या आत डोकवायला बघत होतं! त्या खोलीत अंधार नाही. चांगला स्वच्छ उजेड आहे.

आणि १९९१ चा 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स', छायाचित्रण टाक फुजिमोटो. नायिकेशी बोलणारे पुरुष थेट लेन्समध्ये बघतात, ती मात्र किंचित बाजूला बघते. म्हणजे ते सगळे आपल्याकडेच रोखून बघत असतात. ज्या मुलीने कधी एसटी स्टँडवर एकटीने गाडीची वाट पाहिली असेल तिला ते किती खरं आहे हे वेगळं सांगायला नको.

निशाचर

पण त्याच सिनेमाचा शेवट ठार अंधारातच आहे ना ताई. तळघरात दिवे जातात आणि तिला आपण नाइट व्हिजनच्या हिरव्या उजेडात बघतो.

स्वाती_प

हो, आणि तिथे भीती का वाटते? खुनी तिला बघतोय आणि तिला तो दिसत नाही म्हणून. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, कोणाला काय दिसतंय. प्रेक्षकाला तर सगळं दिसतंय त्या प्रसंगात. अंधार तिच्यापुरता आहे.

नेत्रवैद्य

स्वाती यांच्या मुद्द्याला माझ्या धंद्यातलं थोडं जोडतो.

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यात दोन गोष्टी घडतात. बाहुली मोठी होते, ते काही सेकंदांचं काम. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिनाच्या) पेशींना वेळ लागतो. रंग बघणाऱ्या शंकूपेशी साधारण दहा मिनिटांत जुळवून घेतात, मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण क्षमतेवर यायला अर्धा तास लागू शकतो. मे महिन्याच्या उन्हातून बंद शेडमध्ये शिरलेला माणूस सुरुवातीला जवळपास आंधळा असतो. वय झालेलं असेल, थोडा मोतीबिंदू असेल, तर विचारूच नका. तुमचा कामगार म्हातारा आहे का? मग त्याच्या डोळ्यांसमोर दाराचा पांढरा चौकोन तरंगत राहील.

आणि जो आत आधीपासून बसलाय त्याचे डोळे केव्हाच सरावलेत. त्याला सगळं दिसतंय, वर हा दाराच्या उजेडात उभा म्हणजे आयताच ठसठशीत.

जाता जाता: सिनेमातली रात्र निळी का, तर मंद उजेडात दंडपेशींना निळ्या-हिरव्याकडचा प्रकाश जास्त जाणवतो आणि लाल काळपट दिसू लागतो. तेव्हा निळी रात्र अगदीच थापा नाही. पण काही सिनेमांत ती इतकी निळी असते की उजाल्याच्या जाहिरातीची आठवण येते.

दुपारचे_बारा

डॉक्टर, पाय कुठे आहेत तुमचे? कामगार साठीचाच आहे. हे म्हणजे आमच्या गोष्टीचा गाभाच झाला.

शेंगाचटणी

डॉक्टरांचं नाव टायटलमध्ये टाका. 'भीती सल्लागार'.

मागवाला

आमचा अजून चालू कारखाना आहे, बंद नाही, देवाची कृपा. पण बंद शेडा लय बघितल्या. दोन गोष्टी सांगतो.

एक, सिमेंट पत्र्याच्या शेडेत वर अधूनमधून पारदर्शक पत्रे बसवलेले असतात. दुपारी त्यातनं उन्हाचे पट्टे खाली पडतात आन् तासाभरात सरकून दुसरीकडं जातात. सकाळी घेतलेला शॉट दुपारच्याला जुळणार नाही. पट्टा कधी कुठं असतो ते आदल्या दिवशी खडूनं फरशीवर आखून ठेवा.

दोन, माग काढले तरी छताला, त्याला पेलणाऱ्या कैच्यांना कापसाचे तंतू लोंबकळत असतात. नुसतं झाडू मारला तरी हवेत उडतात आन् त्या पट्ट्यात असे तरंगतात, की धूर सोडायची गरजच नाही. खरंच सोडू नका धूर. तंतू पटकन पेट घेतात. विडीसुद्धा बाहेर. आमच्याकडं कामगाराला पहिला नियम हाच असतो.

जुन्या गिरण्यांची गोष्ट वेगळी. त्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी, आन् काचा उत्तरेकडच्या बाजूला. उत्तरेचं ऊन थेट आत येत नाही, त्यामुळं दिवसभर एकसारखा मऊ उजेड, सावली नाही. सूत तुटलेलं दिसावं म्हणून केलेली सोय ती.

थर्माकोलदादा

@मागवाला, झाडूची आयडिया एक नंबर, मास्क लावून मारा. आणि तो उत्तरेचा उजेड म्हणजे अख्ख्या जगातल्या चित्रकारांच्या स्टुडिओतला उजेड. गिरणीतल्या कामगाराला फुकट मिळत होता!

आता दुपारबद्दल, राहिलेलं. निशाचर म्हणाले भर उन्हात करून दाखवा. केलेलं आहे हो. हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', १९५९, छायाचित्रण रॉबर्ट बर्क्स. अंधारी गल्ली, ओला रस्ता, मांजर हे ठरलेलं सगळं टाळायचं म्हणून मुद्दाम उघडं माळरान घेतलं. झाड नाही, आडोसा नाही, उन्हात एक माणूस उभा आणि फवारणीचं विमान. लपायला जागा नाही हीच भीती. 'इन्सोम्निया' बघा, आधी १९९७ चा नॉर्वेचा, मग २००२ चा नोलनचा. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही अशा मुलखात पोलीस झोपेविना सडतो. २०१९ चा 'मिडसोमार', पावेल पोगोझेल्स्कीचं काम, फुलं आणि पांढरे कपडे आणि लख्ख ऊन, आणि जे चाललंय ते बघवत नाही.

स्वाती_प

लांब कशाला जायचं, आपल्या जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचं घ्या. 'सैराट'चा शेवट. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा. कुठे अंधार आहे? साधं घर, साधा दिवसाचा उजेड आणि आवाज बंद. मी थिएटरमधून बाहेर आले तेव्हा पार्किंगमध्ये कोणी बोलत नव्हतं.

पुणेरीपाटी

स्पॉयलर!

शेंगाचटणी

२०१६ चा सिनेमा आहे हो. तुमच्या पेठेत अजून लागायचाय का?

निशाचर

बरं, उजेडात होतं हे मान्य. पण हे सगळे मोकळ्या मैदानाचे नाहीतर परदेशातल्या उन्हाचे दाखले आहेत. बंद जागेत अंधाराला पर्याय नाही हे मी सोडत नाही. 'तुंबाड' घ्या. पंकज कुमारचं काम. बाहेर कायम पावसाळी आभाळ, ऊन औषधालाही नाही, त्यासाठी कित्येक पावसाळे शूटिंग चाललं. आणि आत कंदील-दिव्यांचा पिवळा उजेड. दिवा जिथवर पोचतो तिथवर जग आणि त्यापलीकडे काहीही असू शकतं. हीच मजा १९४९ च्या 'महल'मध्ये होती. जोसेफ विर्शिंग नावाचा जर्मन माणूस, बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेसाठी इथे आला, महायुद्धात इंग्रजांनी शत्रूदेशाचा म्हणून डांबून ठेवला, आणि सुटल्यावर त्याने आपल्या हिंदी सिनेमाला भुताटकीची हवेली दिली. झुलता झोपाळा, खांबांच्या लांब सावल्या. आजही रात्री एकट्याने बघवत नाही.

थिएटरकाका

'महल' माझ्या वडिलांनी दाखवला होता, पुनःप्रदर्शनात. त्या काळचे कृष्णधवल सिनेमे खराब दिव्यावरही तग धरायचे, कारण त्यांत काळं आणि पांढरं यांत मोठं अंतर असे. आजच्या रंगीत अंधारात सगळं एकमेकांच्या जवळ. दिवा जरा मंदावला की खेळ खलास.

तारांगण_सोलापूर

सिनेमातलं कळत नाही, आकाशातलं थोडं कळतं. धागाकर्ते मे महिन्यात शूट करणार असतील तर एक तारीख सुचवतो.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, मेच्या १०-१२ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. शून्य सावली दिवस. ऑगस्टात बहुतेक ढग असतात, म्हणून मे बरा. वेळ घड्याळातल्या बाराची नाही, सोलापुरात दुपारी साधारण बारा वीस ते साडेबारा. तेव्हा उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी जाते. माणसाची सावली त्याच्या पायाखाली.

रिकाम्या कारखान्याच्या अंगणात एक माणूस उभा आहे आणि त्याला सावली नाही. आपल्याकडे सावली कोणाला नसते हे आजीने सगळ्यांना सांगितलेलं आहे.

दुपारचे_बारा

काटा आला. ४३ अंशात काटा.

थर्माकोलदादा

तारांगण, कमाल केलीत. आणि निशाचर, जरा थांबा, गंमत बघा. तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विलिसचं लिहिलंत, थेट डोक्यावरून प्रकाश, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. शून्य सावलीच्या दुपारी सूर्य तेच करणार आहे, फुकटात! एरवी आम्ही बाहेर शूट करताना बारा ते तीन जेवणाची सुट्टी घेतो, कारण त्या वेळी हीरोचे डोळे गायब होतात. नाहीतर डोक्यावर मोठं पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं आणि खालून थर्माकोलने डोळ्यांत उजेड भरायचा. तुम्ही यातलं काहीही करू नका. अंगण पांढरट फरशीचं किंवा चुन्याचं असेल तर तेवढं बघा, खालून परतणारा उजेड खोबणी उजळतो. गरज पडली तर पायाशी तुमचं काळं कापड अंथरा.

आता हिशेब. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) १०० ला शटर एकशतांश सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ-१६, हा जुना नियम. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं. तुमचा कॅमेरा लॉग प्रोफाइलला (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं चित्र घेण्याची सोय) बहुधा आयएसओ ८०० च्या खाली येणार नाही, म्हणजे तीन स्टॉप जास्त. व्हिडिओला सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एकपन्नासांश ठेवायचं, आणखी एक स्टॉप जास्त. मागचं थोडं धूसर हवं म्हणून लेन्स एफ-४ ला उघडलीत तर अजून चार. एकूण आठ स्टॉप मारावे लागतील. म्हणून २.४ चा, म्हणजे आठ स्टॉप उजेड अडवणारा, एनडी फिल्टर (लेन्सवरची काळपट काच) लागेलच, त्याशिवाय नुसता पांढरा पडदा. शटर वाढवून भागवू नका, हालचाल तुटक दिसते. आत पॅनल लावाल तेव्हाही हेच २५ आणि एकपन्नासांश ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, कारखान्यातले जुने ट्यूब फ्लिकर करणार नाहीत.

आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते एकाच शॉटमध्ये घ्या. कॅमेरा म्हाताऱ्याच्या पाठीमागून आत शिरतो. बाहेरच्या उन्हावर एक्सपोजर असल्यामुळे आत शिरताच फ्रेम जवळपास काळी होणार, आत-बाहेर सहज सात-आठ स्टॉपचा फरक असतो. मग तिथेच थांबायचं आणि फिरवता येणारा एनडी अगदी सावकाश उघडत जायचं. लेन्सचं छिद्र हलवू नका, फोकसची खोली बदलते. एनडीने पुरलं नाही तर राहिलेलं ग्रेडिंगमध्ये (शूटनंतर उजेड-रंग सुधारताना) उचला. प्रेक्षकाचे डोळे म्हाताऱ्याबरोबर सरावणार. आधी दाराजवळची फरशी, मग खांब, मग मागवाल्यांनी सांगितलेला उन्हाचा पट्टा आणि त्यात तरंगणारे तंतू. आणि पट्ट्याच्या कडेला, फ्रेमच्या मधोमध अजिबात नाही, एक चप्पल. पायासकट. तो पाय किती वेळापासून तिथे होता हे कोणाला कळता कामा नये.

फक्त फिरवता एनडी अगदी टोकाला नेलात तर वाइड लेन्सवर चित्रात काळी फुली उमटते. आधी टेस्ट करा.

निशाचर

ठीक आहे. पण नोंद घ्या, शेवटी अंधारातच शिरलात.

दुपारचे_बारा

शिरलो, पण दुपारी शिरलो. बाकी तिघांना धागा दाखवला. एक जण टँकरचा हट्ट सोडायला तयार नाही. म्हणतो शेवटी वळवाचा पाऊस दाखवू.

स्वाती_प

टँकर नको. पाऊस आला की प्रेक्षक सुटतो, श्वास सोडतो. त्याला तसाच तापत ठेवा. आणि बाहेरचा शॉट रस्त्यावरून घ्याल तेव्हा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा, शेजारच्या चालू कारखान्यातल्या मागांची खडखड. आत शिरल्यावर ती बंद करायची की नाही ते एडिटिंगला ठरवू. मी करून देईन, पैसे नकोत, फक्त फुटेजला नीट नावं द्या. 'फायनल_फायनल_२' अशी फाइल आली तर परत पाठवीन.

मागवाला

आवाजासाठी आमच्या कारखान्यात या. आमचे माग दुपारच्या जेवणाला पाऊण तास थांबतात, तेव्हा शांततासुद्धा मिळंल. दोन्ही रेकॉर्ड करा. टॉवेलचं काळं कापड हवं असल तर आधी फोन करा, रंगवून ठेवतो. टेरीचं चालंल का साधं?

थर्माकोलदादा

टेरी उत्तम. लूपमुळे उजेड गिळतं, साधं कापड थोडं चमकतं. सहा फूट बाय सहा फूट, दोन नग.

नेत्रवैद्य

सगळ्यांनी टोपी, ओआरएस आणि भरपूर पाणी. साठीचा नट असेल तर त्याला उन्हात दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं करू नका, रिहर्सल दुसऱ्याला उभं करून घ्या. चक्कर, मळमळ किंवा घाम थांबला तर शूटिंग ताबडतोब बंद. हे गमतीत घेऊ नका.

शेंगाचटणी

त्या पायाचा रोल मला द्या. चप्पल माझी स्वतःची आहे, भंगलेली, कंटिन्युटीला अडचण नाही. डायलॉग नसला तरी चालेल.

दुपारचे_बारा

@शेंगाचटणी, रोल पक्का. पण मेच्या ११ तारखेला सकाळी नऊला हजर, दुपारी साडेबाराला नाही. पट्टा खडूने आखायचाय. आणि कोणाकडे ६७ एमएमचा फिरवता एनडी असेल तर एका दिवसासाठी भाड्याने हवाय, सोलापुरातल्या दोन दुकानांत नाही मिळाला.

थिएटरकाका

माझ्या पुतण्याचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्याकडे विचारतो. बदल्यात एकच अट: तयार झाल्यावर आधी मोठ्या पडद्यावर लावून बघू, मोबाइलवर नंतर. दिव्याचं मी बघतो.